मिग रंगवण्याचा हंगाम

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या. चौफुल्याच्या रस्त्याला दिवस उगवायच्या आत ट्रॅक्टर लागतात. एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वळणावर सांडलेली कांडी, आणि त्या कांड्यांसाठी रस्त्यात घुसणारी मोकाट जनावरं. तोडून मोकळ्या झालेल्या रानात पाचट पेटवतात. त्याची काळी राख तरंगत येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, शेळ्यांच्या पाठीवर, चहाच्या कपात बसते. या दिवसांत आमच्या भागातून जाणाऱ्याला गुऱ्हाळाचा वास येतो. मला थिनरचा येतो. घरात थिनर नाही, बाटली कधीच फेकून दिली. तरी येतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत खुटबावच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी, एक लढाऊ विमान तयार होत होतं. जेमतेम फूटभर लांब, खऱ्या मिगपेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान. आमची मुलगी प्राजू पुण्याला नोकरी करते, तिनं तो खोका वडिलांसाठी आणला होता. माझे मालक हवाईदलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाचं अंग दुरुस्त करणारे. वीस वर्षं त्यांनी खऱ्या मिगखाली आडवं पडून काढली. नंतर रांजणगावच्या कारखान्यात सिक्युरिटीला होते, साखरेच्या दुखण्यानं तेही सुटलं. गाव त्यांना फौजी म्हणतं. मीही इथं तेच म्हणते. नाव घ्यायची सवय नाही, आणि ‘आमचे हे’ म्हणण्याइतकी मी मऊ नाही.

खोका उघडला तेव्हा आत विमान नव्हतंच. करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना शेंगा लागाव्यात तसे तुकडे लागले होते. मी प्राजूला म्हणाले, “पैसं देऊन मोडकं आणलं व्हय गं?”

“आई, ते जोडायचं असतं. मग हातानं रंगवायचं.”

“मंग त्या दुकानदाराचं हात मोडलं हुतं का?”

फौजी हसले नाहीत. झाकणावरच्या चित्राकडं ते बराच वेळ बघत राहिले, मग झाकण जवळ घेतलं, मग लांब धरलं. “ह्याच्या पोटाखाली माझी कंबर गेली,” एवढंच म्हणाले. झाकण जवळ आणि लांब करण्याची ती पद्धत मी तेव्हाच पाहिली होती. पाहिली आणि सोडून दिली.

मी शेळ्या-बकऱ्यांची व्यापारी आहे. आमची जात मेंढरामागं फिरणारी. माझ्या आज्यानं न्हावऱ्याला कळप सोडून शेती धरली, आणि मी शेतीतून पुन्हा जनावरात आले. लग्नात आईनं दिलेल्या दोन शेळ्यांवर सुरुवात केली. आज यवतच्या आणि शिरूरच्या बाजारात माझा टेम्पो लागतो तेव्हा लोक वळून बघतात. जनावरांच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, तोंडातून शब्द निघत नाही. पण बाईच्या हातात रुमालाखाली हात कोण देणार? पहिली चार वर्षं कुणी दिला नाही. म्हणून मी तोंडानं सौदा करायला शिकले, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. माझा आवाज तिथं तयार झाला आणि माझा रागही. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं, त्यांना सगळे मामा म्हणायचे, मला एकच गोष्ट शिकवली. “पोरी, समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा कधी खरा धरायचा न्हाई. त्यात त्यानं तुझ्यासाठी जागा ठिवलेली असती. ती जागा हुडकायची.” मी ती जागा शोधत आले. बकऱ्यात शोधली, टेम्पोत शोधली, जमिनीच्या व्यवहारात, प्राजूच्या कॉलेजच्या प्रवेशात शोधली, आणि दर वेळी सापडली.

आता रागाचं आणखी एक कारण, ते लपवून हा लेख पुढं जाणार नाही. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी फौजींचं पत्र आलं होतं, लांबच्या विमानतळावरून. त्यात एक ओळ होती: ‘तू बाजारात उभी राहत जाऊ नको, इथं गावाकडचं कुणी भेटलं की मला मान खाली घालावी लागते.’ मी पत्राला उत्तर दिलं नाही आणि बाजारही सोडला नाही. ते सुट्टीवर आले, गेले, निवृत्त झाले. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना शाल-नारळ मिळतो, मी मागं बायकांत बसते. ती ओळ त्यांनी कधी परत घेतली नाही. कदाचित विसरलेही असतील. मी विसरले नाही. माणसाचं मन कुठं कुठं व्याज लावत बसतं ते त्यालाही कळत नाही.

तर ते विमान. ते करायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. नखं कापायच्या कटरनं एकेक तुकडा चौकटीतून सोडवायचा, टोकाला राहिलेला कण पॉलिशपेपरनं घासायचा, मग गोंद न लावता दोन भाग नुसते जोडून बघायचे. “आधी कोरडं बसवून बघायचं,” ते म्हणायचे. “गोंद लागला की माघार नाही.” तो गोंदही साधा नव्हता, प्लास्टिकला जरासा विरघळवून एकजीव करायचा. नाकाच्या पोकळीत वजन ठेवावं लागतं, नाही तर विमान चाकांवर उभं न राहता शेपटीवर बसतं. त्यासाठी मी पारगावच्या पुलाखाली मासेमारी करणाऱ्यांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. त्या फौजींनी तळहातावर घेऊन तोलल्या, आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, “शालन, तुझ्याशिवाय हे उडायचं नाही.” मी म्हणाले, “उडनार हाय का ते?” तरी ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर बाजारात हिंडलं.

तोच हंगाम बिबट्याचाही होता. ऊस तुटत जातो तसं त्याचं घर कमी होत जातं आणि तो एका फडातून दुसऱ्या फडात सरकतो. भीमेच्या पलीकडं शिरूरकडच्या गावांतून रोज काही तरी ऐकू यायचं. मग आमच्याकडं वासरू गेलं, मग कुत्री दिसेनाशी झाली. चार वाजले की बायका गवताचे भारे घेऊन झपाट्यानं परतायच्या, माना वळवून वळवून मागं बघत. दिवस मावळायच्या आत दारं लागायची. वनखात्याच्या लोकांनी आमच्या बांधाला, उसाच्या कडेला, पिंजरा आणून ठेवला. पिंजऱ्याला मागच्या बाजूला वेगळा कप्पा असतो, त्यात आमिष म्हणून शेळी. शेळी माझ्याकडूनच घेतली. “ताई, बिबट्याचा पंजा तिच्यापर्यंत पोचत नाही, मध्ये दुहेरी जाळी आहे,” त्यातला एक जण म्हणाला. मी म्हणाले, “ते तुमाला ठावं, बिबट्याला ठावं. शेळीला कुणी सांगितलंय?”

ती रोज दिवस कलला की ओरडायला लागायची. एका सुरात, थांबून थांबून. खिडकीशी फौजी रंगाच्या डबीत काडी ढवळत बसलेले, बाहेर राख, आणि ते ओरडणं. मी आयुष्यभर शेळ्यांचा आवाज ऐकत आले आहे. भुकेचा वेगळा, पिल्लाचा वेगळा, आजाराचा वेगळा. हा कशाचा, ते मला लावता येत नव्हतं. फौजी मात्र आकाशातलं ऐकायचे. लोहगावकडून एखादं विमान गेलं की काडी थांबायची. “सुखोई,” ते म्हणायचे. “दोन आहेत. दुसरं मागं.” मी बाहेर जाऊन बघायचे, तर दोनच असायची. पूर्वी ते स्वतः अंगणात धावत जाऊन बघायचे. त्या हंगामात ते जागचे उठले नाहीत. मला वाटलं, कामात गुंगलेत.

विमानाचं अंग दोन उभ्या भागांचं असतं, डावा आणि उजवा. ते जोडल्यावर मध्ये रेघ राहते. ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून नाहीशी करायची. फौजींनी ती चार वेळा भरली आणि चार वेळा घासली. पाचव्या दिवशी त्यांनी विमान टेबलावर ठेवलं. “साचाच वाकडा आहे. ही रेघ बघ, मधेच ओढ्यासारखी वळलीय.”

मी बघितलं. मला सरळ दिसली. पण विमानाच्या अंगाचं त्यांना कळतं, मला नाही, असं मी धरलं. आणि वाकडा माल माझ्या घरात आला म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. गुरुवारी बाजार नव्हता. विमान शेळीच्या औषधाच्या खोक्यात घालून, यवतला एसटी धरून मी पुण्याला त्या दुकानात गेले.

दुकानदार सडपातळ, शांत माणूस होता. त्यानं स्टीलची पट्टी काढून विमानाच्या पाठीवर ठेवली. “ताई, सरळ आहे.”

“तुमची पट्टी सरळ हाय कशावरनं?”

दुकानात दोन कॉलेजची मुलं होती, ती हसली. त्यानं दुसरी पट्टी काढली. मी म्हणाले, “दोन्ही एकाच डझनातल्या असतील. ज्या माणसानं खऱ्या इमानाखाली वीस वर्षं काढली, तो म्हनतो वाकडं हाय. तुम्ही कवा खरं इमान हाताळलंय का?”

“नाही.”

“मंग झालं तर.”

त्यानं दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, राग मानू नका. सरांनी इतक्यात डोळे तपासलेत का?”

आता मला त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. तेव्हा मला त्यात फक्त व्यापाऱ्याची खोडी दिसली. माल खोटा निघाला की गिऱ्हाइकाचा दोष काढायचा, ही युक्ती मी स्वतः आठवड्यातून दोनदा करते. मी असा आवाज लावला की फुटपाथवरचे लोक दारात जमले. त्यानं मुकाट्यानं नवा खोका दिला. वर मी दोन बारीक ब्रशही काढले. परतीच्या एसटीत खोका मांडीवर घेऊन बसले होते, आणि खरं सांगते, जिंकल्याचा आनंद इतका झाला होता की यवत आलेलं कळलं नाही.

नवा खोका त्यांनी तीन दिवसांत त्याच पायरीवर आणला. जोडला, भरला, घासला. मग खिडकीच्या उजेडात धरला.

“हाही वाकडाच,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आणि खिडकीचा हा गजही.”

खिडकीचा गज मी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. ओळंबा लावून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. बकरं घेताना मी आधी पापणी उलटून बघते. आत लाल असेल तर जनावर धड, पांढरं पडलं असेल तर पोटात जंत. हजारो डोळे बघितले असतील मी. घरातला एक डोळा बघायला मला दोन विमानं लागली. डॉक्टरांनी त्यांना चौकटी-चौकटींचा एक कागद दाखवला. फौजी म्हणाले, “मधल्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलतात.” मग त्यांच्या डोळ्यांत औषध घालून बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. साखरेनं पडदा सुजलाय, म्हणाले. पडद्यावर नको तिथं नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात, त्यातली एखादी कधीही वाहू शकते. इथं उपचार होणार नाही, पुण्याला इंजेक्शन आणि लेझर करावं लागेल. चिठ्ठी लिहून दिली.

“कवा न्यायचं?”

“पंधरा दिवसांच्या आत.”

“म्हंजी महिनाभरात चालंल.”

“पंधरा दिवस,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, जोर नव्हता. पुढचा पेशंट दारात होता.

मार्गशीर्ष लागला होता. आमच्या धंद्यात हा महिना खरेदीचा. घरोघरी मटण बंद, बाजार पडलेला, जनावर स्वस्त. या महिन्यात घ्यायचं, खाऊ घालायचं आणि जत्रा सुरू झाल्या की विकायचं. वर्षाचा सगळा खेळ या चार आठवड्यांवर. मी डॉक्टरांच्या समोर उभी होते, आणि माझ्या डोक्यानं आपोआप ती जागा शोधायला सुरुवात केली, समोरच्यानं पहिल्या आकड्यात ठेवलेली. पंधरा म्हणतात म्हणजे तीस धरून चालायचं. डॉक्टर लोक भीती घालतातच. तीस म्हणजे ओढून चाळीस-पंचेचाळीस.

एवढंच असतं तर मी स्वतःला एखादे वेळी माफ केलं असतं. पण बाहेर येऊन मी त्यांना बाकावर बसलेलं बघितलं. औषधानं डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर, माझी वाट बघत. वीस वर्षं मी यांच्या सुट्टीची वाट बघितली होती. आणि कुठून तरी ती पत्रातली ओळ वर आली. माझ्या मनात आलं, एकदा तरी हे माझ्या बाजाराच्या वेळेनं चालू देत. अगदी असंच आलं. मी ते ढकलून दिलं नाही.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“पुण्याला जावं लागंल. संक्रांत झाल्यावं चालंल म्हनले.”

संक्रांतीला सात आठवडे होते. चिठ्ठी इंग्रजीत होती, त्यांच्या डोळ्यांत औषध होतं. मी ती घडी करून पिशवीत टाकली. ते हसले. “बरं झालं. तोवर विमान होईल.”

न्हावऱ्याच्या रस्त्यानं परत येताना दोन्ही बाजूंना उसाचे फड होते, अर्धे तुटलेले, अर्धे उभे. टेम्पोच्या काचेवर राख बसत होती. ते सगळ्या रस्त्यानं रंगांबद्दल बोलत होते.

पुढचे आठवडे मी आठवायला घेते तेव्हा एक विचित्र गोष्ट होते. ते सुखाचे वाटतात. लग्नाला इतकी वर्षं झाली पण आम्ही इतके समोरासमोर कधी बसलो नव्हतो. मी सकाळी बाजार करून यायचे आणि दुपारी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसायचे. रंग पातळ करून, दुधासारखा करून, एकावर एक हलके हात द्यायचे असतात. एकदम जाड दिला की ब्रशचे ओरखडे राहतात. आधी अस्तराचा करडा, मग वरचा फिकट करडा, पोटाला त्याहून फिकट. दुकानातले ब्रश आतल्या घड्याळांसाठी जाड पडले, तर त्यांनी माझ्या एका पिल्लाच्या कानामागचे चार केस कापून आगकाडीला बांधले. त्यानं त्यांनी वैमानिकाच्या समोरच्या तबकड्या रंगवल्या. तो मान घालून बसलेला माणूस मला परका वाटत नव्हता.

“शालन, ही कड सरळ आली का?”

“आली.”

“नीट बघ.”

“बघितलं. आली सरळ.”

मी त्यांची पट्टी झाले होते. दर वेळी ते विचारायचे आणि मी सांगायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एकदा त्यांनी ब्रश धुवायला हात पुढं केला आणि तो थिनरच्या वाटीऐवजी चहात बुडवला. दोघंही हसलो. एकदा तिरंगी गोल रंगवताना केशरी आणि हिरव्याच्या मधला पांढरा त्यांनी सोडलाच, थेट हिरवा लावला. मी सांगितल्यावर पुसला. “उजेड कमी आहे,” म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. पंधरा दिवस झाले त्या दिवशी मी यवतच्या बाजारात होते आणि मला तारीख आठवत होती. मी पिशवी उघडली, चिठ्ठी दिसली, पिशवी बंद केली. समोरचा व्यापारी म्हणाला, “आक्का, ध्यान कुठं हाय?” मी त्याच्याकडून भाव पाडून तीन बकरी घेतली.

महिना झाला. शेळी ओरडत होती. वनखात्यानं ती दोनदा बदलली, पिंजरा रिकामाच राहिला. बांधावर पावलं मात्र रोज नवी, पिंजऱ्याला वळसा घालून गेलेली. प्राजूनं फोनवर विचारलं, “पप्पांच्या डोळ्यांचं काय झालं गं?” मी म्हणाले, “संक्रांतीनंतर जायचंय.” ती म्हणाली, “डॉक्टरांनीच सांगितलं ना तसं?” मी म्हणाले, “व्हय.”

भोगीला चार दिवस होते. सकाळची वेळ, मी बाजरीचं पीठ मळत होते. ते वैमानिकाच्या खुर्चीजवळचा तांबडा त्रिकोण रंगवत होते, धोक्याची खूण असते ती, तांदळाच्या दाण्याएवढी. आतून त्यांनी हाक मारली, नेहमीच्याच आवाजात.

“शालन, रंग सांडला का गं?”

“कुठं?”

“विमानावर. काळा.”

मी पिठाच्या हातानं गेले. विमानावर काही सांडलं नव्हतं. उजवा पंख पुरा झाला होता, डाव्याला अजून अस्तराचाच हात होता. काळ्या रंगाच्या बाटलीला बूच घट्ट होतं.

“न्हाई सांडला.”

ते मान हलवत होते, हळूहळू, डावीकडं-उजवीकडं, जणू समोरून काही बाजूला करायचं आहे. “मी बघतो तिकडं येतंय,” ते म्हणाले. “जाळं आहे. आता धूर झालाय.” मग त्यांनी हातातला ब्रश चाचपत चाचपत डबीवर आडवा ठेवला, तो खाली पडू नये म्हणून काळजीनं, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं तपासलं, शिरूरची चिठ्ठी मागितली. मी पिशवीतून काढून दिली. घडीवर झिजली होती. तिनं तारीख वाचली, मग आमच्याकडं बघितलं. “यात तातडीचं लिहिलंय. इतका उशीर का केलात?”

मी तोंड उघडलं होतं. माझ्याआधी फौजी बोलले.

“माझाच हट्ट, मॅडम. घरी एक विमान रंगवायला घेतलं होतं. बायको चला म्हणत होती.”

ते खरंच तसं म्हणाले. बायको चला म्हणत होती. मी कधीच म्हणाले नव्हते. ते मला वाचवत होते की त्यांना खरंच तसं आठवत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरीण माझ्याकडं सहानुभूतीनं बघत म्हणाली, “पेशंट ऐकत नाहीत, काय करणार.” भर बाजारात चार पुरुषांना गप्प करणारी मी तिथं खाली बघत उभी राहिले. एका वाक्याचं काम होतं.

एक डोळा गेला. त्याचं ऑपरेशन झालं, पण पडदा जागचा सुटला होता. दुसऱ्यात इंजेक्शनं चालू आहेत. माणूस दिसतो, दार दिसतं, चेहरा ओळखू येत नाही, अक्षर लागत नाही. तो टिकेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मीही आकडा विचारत नाही. नेमून दिलेल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही यवतच्या स्टँडवर असतो.

आता पुन्हा ट्रॉल्या सुरू झाल्या आणि ते पुन्हा तेच बोलायला लागलेत. काल अंगणात बसले होते, विमानाचा आवाज वरून गेला, त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, “मी तुला फार त्रास दिला. साध्या प्लास्टिकसाठी डोळा घालवला आणि तुझ्या गळ्यात पडलो.” मी गोठ्यात निघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर, की पुरे झालं, तेच तेच काय लावलंय. ते ओशाळले. शेजारची बाई म्हणाली, आंधळ्या माणसावर कशाला खेकसती. पत्रातल्या त्या ओळीचा राग मी इतकी वर्षं जपला, कारण तो राग माझ्या बाजूनं होता. आता तो काढून बघते तर तो फार लहान दिसतो, आणि त्याच्या जागी जे आहे ते मला कुणावर टाकता येत नाही.

तोंडानं सांगायला मी तीनदा बसले. तीनही वेळा मी सौदा करायला लागले. मार्गशीर्ष होता, डॉक्टर नीट बोलले नाहीत, तुम्हालाही विमान पुरं करायचंच होतं. वाक्य सुरू व्हायच्या आतच ते फिरायचं. म्हणून लिहायला घेतलं. न्हावऱ्याच्या शाळेत माझा निबंध वर्गात वाचून दाखवायचे, त्यानंतर आजच.

दर रविवारी प्राजू येते आणि त्यांना वाचून दाखवते. पेपर, मासिकं, दिवाळी अंक, जे असेल ते. ते डोळे मिटून ऐकतात, आवडलं तर पुन्हा वाचायला लावतात. हे कुणी छापलं तर तीच वाचेल. तिला मी आधी काही सांगितलेलं नाही. आईनं लिहिलंय म्हणून ती हौसेनं वाचायला घेईल, शिरूरच्या डॉक्टरांपर्यंत येईल, आणि तिथं तिचा आवाज थांबेल. ती माझ्याकडं बघेल. ते विचारतील, काय झालं गं, थांबलीस का?

मी त्या दिवशी बाजाराला जाणार नाही. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसणार आहे. आणि तिला म्हणणार आहे, वाच. पुढं वाच.